बिडाचा पूल आणि खिशातला कॅमेरा

पुलावरून पहिला प्रवासी टोल देऊन गेला तो 1 जानेवारी 1781 रोजी. पण ऑक्टोबर 1780 मध्येच विल्यम विल्यम्स नावाच्या चित्रकाराला या पुलाचं चित्र काढल्याबद्दल दहा गिनी मिळाल्या होत्या. पैसे मोजणारा होता अब्राहम डार्बी तिसरा, म्हणजे पूल ओतणारा कारखानदारच. पुलाला दोन्हीकडून रस्ते जोडायचे बाकी होते, टोलची एक दमडी हाती आलेली नव्हती, आणि हा गृहस्थ चित्रकाराचं बिल चुकतं करत होता.

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, कोलब्रुकडेलजवळ सेव्हर्न नदीवर उभा असलेला हा पूल नुसत्या 'आयर्न ब्रिज' या नावानं ओळखला जातो. पुलाच्या उत्तर टोकाला जे गाव वाढलं त्याचंही नाव आयर्नब्रिज. पुलावरून गावाला नाव मिळावं, हे पुलाचं भाग्यच. आपल्याकडे रेल्वेच्या पुलाशी 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या माणसाला इथं जरा चुकल्यासारखंच होईल. या पुलाची सुरुवातीपासूनची इच्छा एकच: या, बघा आणि चित्र घेऊन जा.

आयर्न ब्रिज लोखंडाचा आहे म्हणजे बिडाचा आहे. बीड कशाला म्हणतात हे घरात बिडाचा तवा असलेल्याला समजावून सांगायला नको. तो वर्षानुवर्षं चुलीवर तापतो, त्याच्यावर धिरडी सुटी होतात, पण हातातून निसटून फरशीवर पडला तर तडकतो. दाब सोसण्यात बीड पक्कं, ताण सोसण्यात कच्चं. त्यामुळे पूल बिडाचा करायचा तर तो कमानीचाच हवा, कारण कमानीत वजन मुख्यतः दाबाच्या रूपानं खाली उतरतं. तव्याची आठवण इथं अगदीच अस्थानी नाही. डार्बी घराण्याचा धंदा सुरू झाला तोच मुळी भांड्यांपासून. या डार्बीच्या आजोबांनी, पहिल्या अब्राहम डार्बीनं, 1707 मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1709 मध्ये कोलब्रुकडेलच्या भट्टीत लोणारी कोळशाऐवजी कोक जाळून लोखंड गाळायला त्यानं सुरुवात केली. जंगलावरचा भार हलका झाला, लोखंड स्वस्त झालं, आणि तीन पिढ्यांत भांड्यांवरून मजल पुलापर्यंत गेली.

पुलाची कल्पना मात्र डार्बीची नव्हे. श्रूजबरीचा वास्तुकार थॉमस फार्नोल्स प्रिचर्ड यानं 1773 मध्ये जॉन विल्किन्सन या कारखानदाराला पत्र लिहून लोखंडी पूल बांधायचं सुचवलं. विल्किन्सन लोखंडवेडा म्हणूनच प्रसिद्ध होता. आपल्याला पुरायचं तेही लोखंडी पेटीत, अशी त्याची तयारी होती. 1776 मध्ये संसदेनं पुलाचा कायदा केला. नंतर विल्किन्सननं आपले भाग डार्बीला विकले आणि प्रिचर्ड डिसेंबर 1777 मध्ये वारला. पूल उभा राहिलेला त्यानं पाहिलाच नाही. उरला सत्तावीस वर्षांचा डार्बी, आणि त्याच्या गळ्यात पडलेला करार: अंदाजाच्या वर जो खर्च होईल तो त्यानं सोसायचा. अंदाज होता सुमारे 3,200 पौंडांचा. खर्च 6,000 च्या पुढे गेला असं मानतात. या खर्चापायी झालेल्या कर्जातून डार्बी अखेरपर्यंत पुरता बाहेर आला नाही आणि 1789 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गेला. चित्रकाराच्या दहा गिनींकडे या हिशेबानं बघितलं की त्यांची किंमत वाढते.

एकच कमान हवी होती याचं कारण नदी. सेव्हर्नवर तेव्हा मालाच्या शिडाच्या नावांची सतत वर्दळ असे. मधोमध खांब उभा केला असता तर ती अडली असती. शिवाय दरीचे काठ उंच आणि भुसभुशीत. म्हणून 30.6 मीटरची एकच कमान, पाच फासळ्यांची, आणि प्रत्येक मोठी फासळी दोन तुकड्यांत ओतलेली. एकेक तुकडा सुमारे 21 मीटर लांब आणि पाच टनांच्या वर. लहानमोठे सगळे भाग मिळून जवळजवळ 1,700, वजन 378 टन.

ते जोडायचे कसे, याचा अनुभव जगात कुणालाच नव्हता. मग ज्या कामाचा अनुभव होता तीच पद्धत वापरली: सुतारकामाची. कुसू आणि भोक, कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट खाचा, फटीत ठोकलेल्या पाचरा. लाकडासाठी शेकडो वर्षांत घडलेले सांधे बिडात ओतून काढले. कारखान्यातल्या लाकडी साच्यांचा मुख्य कारागीर थॉमस ग्रेगरी याचा या सांध्यांत हात असावा असं अभ्यासक मानतात. त्यानं 1785 मध्ये पुलाची महोगनी लाकडातली प्रतिकृती केली, आणि तीच दाखवून डार्बीला 1788 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे लाकडाची अक्कल लोखंडात उतरली, आणि लोखंडाचा मान लाकडाच्या प्रतिकृतीला मिळाला.

विल्यम्सनंतर आणखी चित्रकार आले. मायकेल अँजेलो रूकर हा लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहातला पडदे रंगवणारा मुख्य कलाकार. त्याच्या चित्रावरून विल्यम एलिसनं 1782 मध्ये छापील कोरीवचित्र केलं. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला बोलावलं यात डार्बीचा व्यवहारीपणा दिसतो. त्याला मोजमापाचा नकाशा नको होता, पहिल्या नजरेत प्रेक्षकाला खिळवणारं दृश्य हवं होतं. पुलाच्या भागधारकांनी पुलासमोरच 'टोन्टाइन' नावाचं हॉटेल उभारलं, कारण बघ्यांना रात्री मुक्काम लागणारच. 1792 च्या सुमारास कोलब्रुकडेलच्या अर्ध्या पेनीच्या टोकन-नाण्यावरही पूल आला. पायी पूल ओलांडणाऱ्याचा टोलही अर्धी पेनीच होता. खिशात पुलाचं चित्र घेऊन हिंडायची सोय कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी झाली ती अशी.

टोलची दरपाटी आजही तिथं वाचता येते. सहा घोड्यांच्या गाडीला दोन शिलिंग, आणि शेवटी तंबी: हा पूल खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे सैनिक कामावर असो वा नसो, टपालगाडी असो, खुद्द राजघराणं असो, टोल सगळ्यांना लागू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही टोलनाक्यावरची सवलतीच्या वाहनांची यादी आठवून बघावी.

या सगळ्या चित्रांत एक उणीव होती, आणि ती दोनशे वर्षं कुणाला भरून काढता आली नाही. सगळ्यांनी काढला तो पुरा झालेला, नटलेला पूल. पाच-पाच टनांचे तुकडे नदीवर उचलले कसे, कुठून, कशाच्या आधारानं, याचं एकही चित्र नव्हतं. फासळ्या 1779 च्या उन्हाळ्यात, साधारण तीन महिन्यांत चढल्या, एवढं माहीत होतं. पण कसं, ते अंदाजावर होतं. ज्यानं जाहिरातीसाठी चित्रं काढून घेतली त्याला काम चालू असतानाचा पसारा दाखवण्यात रस नव्हता.

उत्तर मिळालं स्टॉकहोममध्ये, 1997 साली. एलियास मार्टिन हा स्वीडिश चित्रकार 1779 मध्ये या पुलाजवळून जात होता. त्यानं काम चालू असताना जलरंगात एक छोटं चित्र काढलं होतं, तेच स्टॉकहोमला सापडलं. त्यात नदीपात्रात रोवलेला लाकडी सांगाडा आहे, अर्धवट उभ्या फासळ्या आहेत, खाली नाव आहे. मोठे तुकडे नदीतून आणून त्या सांगाड्यावरून वर घेतले, हे त्यावरून उलगडलं. हे चित्र खरं सांगतं का, ते पडताळण्यासाठी 2001 मध्ये निम्म्या आकाराचा पूल त्याच पद्धतीनं उभारून बघितला गेला, बीबीसीच्या माहितीपटासाठी. तो उभा राहिला.

मार्टिनला या कामाचे पैसे कुणी दिल्याचं माहीत नाही. प्रवासात समोर दिसलं, वही काढली, टिपलं. विल्यम्स आणि रूकर ही एक परंपरा, मार्टिन ही दुसरी. खिशातला लहान डिजिटल कॅमेरा या दुसऱ्या घराण्यातला आहे.

तिवईवर मोठा कॅमेरा लावून, पहाटेच्या धुक्याची वाट बघत केलेलं छायाचित्र रूकरच्या वंशातलं. त्याला नदीचं पाणी निवांत हवं असतं, कारण जवळजवळ अर्धवर्तुळ असलेली कमान प्रतिबिंबाशी मिळून पूर्ण वर्तुळ होते, आणि कॅलेंडरवर तेच छापलं जातं. पण सहलीच्या बसमधून उतरून तासाभरात परतणाऱ्या माणसाला नदी जशी असेल तशी घ्यावी लागते. पावसानंतरची सेव्हर्न चहाच्या रंगाची आणि घाईत असलेली. वर्तुळ वगैरे काही नाही.

त्या माणसाच्या हातात हा कॅमेरा आला कधी? कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-10 बाजारात आला 1995 मध्ये. पाठीवर पडदा असलेला आणि सामान्य ग्राहकासाठीचा तो पहिला डिजिटल कॅमेरा, चित्र केवळ 320 गुणिले 240 ठिपक्यांचं. एवढ्यात आयर्न ब्रिज घेतला असता तर कठड्याची जाळी म्हणजे नुसता गिचमिड पट्टा उरला असता. 2000 मध्ये कॅननचा 'डिजिटल इक्सस' आला, वीस लाख ठिपक्यांचा आणि खरोखर शर्टाच्या खिशात मावणारा. त्यानंतरचं दशक या कॅमेऱ्यांचंच. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 मध्ये जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले, आणि त्यांतले 10 कोटींच्या वर भिंग न बदलता येणारे, म्हणजे मुख्यतः हेच छोटे. मग मोबाइलनं त्यांना गिळलं.

लोखंडी पूल हा या कॅमेऱ्याची परीक्षा घेणारा विषय आहे. कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान. उजळ आकाश आणि काळपट लोखंड हे दोन्ही त्याला एका वेळी पेलत नाही. आकाश सांभाळलं तर पूल काळी सावली होतो, पूल सांभाळला तर आकाश पांढरं फटक. जाणकार मग शटरचं बटण अर्धं दाबून उजेडाचं माप दरीतल्या झाडांवर घेतो आणि तसाच धरून कॅमेरा पुलाकडे वळवतो. उजळ आकाशासमोर आलेल्या प्रत्येक दांड्याला जांभळी कड येते. ती लोखंडाची नसून भिंगाची. रुंद बाजूला भिंग सरळ रेषा फुगवतं, त्यामुळे कठडा किंचित वाकतो. जिचा आकार कागदावर आखून ठरवलेला, त्या कमानीला हा कॅमेरा स्वतःची थोडी गोलाई बहाल करतो. नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणून सकाळचं ऊन पुलाच्या प्रवाहाखालच्या अंगावर आणि संध्याकाळचं वरच्या अंगावर पडतं. दुपारच्या सहलीला दोन्ही चुकतात.

मात्र पूर्ण पूल एका चौकटीत बसवायचा हट्ट सोडला की हाच छोटा कॅमेरा खुलतो. त्याचं झूम फासळीवर नेलं की ओतीव अक्षरं वाचता येतात: हा पूल कोलब्रुकडेल येथे ओतला आणि 1779 साली उभारला. साल रोमन आकड्यांत. उद्घाटनाचं 1781 तिथं नाहीच; कारखानदाराच्या लेखी कमान उभी राहिली तेव्हाच पूल झाला. पुलाखाली उभं राहून वर बघितलं तर पाचरा आणि खाचा दिसतात. एकाच मापाचे वाटणारे दोन भाग शेजारी शेजारी टिपून घरी मोठे करून बघावेत, ते जुळत नाहीत. अभ्यासकांनी पुलाची बारकाईनं मोजणी केली तेव्हा कळलं की सुमारे 70 टक्के भाग, त्यांत मोठे सगळेच, त्या त्या जागेसाठी स्वतंत्र ओतलेले आहेत. कारखान्यातून एकसारखे भाग काढायचे आणि पटापट जोडायचे, ही यंत्रयुगाची शिस्त या पुलाला अजून लागलेली नव्हती.

ती पुढे लागली, आणि लोखंड जहाजानं मुंबईलाही आलं. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये सांगाडा ओतून, सुटा करून, मुंबईत आणून जोडलेलं. याच इमारतीत 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला. त्यानंतर मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी स्वतः चित्रफिती काढायला सुरुवात केली. ओतीव लोखंड आणि चित्र यांची गाठ इथंही पडली.

परत सेव्हर्नकडे यायचं तर, आयर्न ब्रिजपासून जवळच, बिल्डवास इथं, 1795 च्या महापुरात जुना पूल वाहून गेला. त्या पुरानं सेव्हर्नवरच्या बऱ्याच पुलांची दैना केली. आयर्न ब्रिज जाळीदार, पाणी आरपार गेलं, तो शाबूत राहिला. कुठल्याही चित्रापेक्षा मोठी जाहिरात त्या पुरानं केली. 1796 मध्ये थॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं बिल्डवासला नवा लोखंडी पूल बांधला. तो तीस फूट जास्त लांब, आणि लोखंड मात्र निम्म्याहून कमी. म्हणजे डार्बीनं भीतीपोटी दुप्पट लोखंड घातलं होतं. तेच लोखंड आज पुलाला टिकवून आहे, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे.

कारण दरी स्वस्थ बसलेली नाही. दोन्ही काठ हळूहळू नदीकडे सरकत आहेत आणि पुलाला दोन बाजूंनी दाबत आहेत. दक्षिणेकडच्या दगडी बांधकामाच्या जागी आधी लाकडी आणि मग 1820 च्या दशकात लोखंडी लहान कमानी आल्या. तडे गेले, पट्ट्या ठोकल्या गेल्या. 1934 मध्ये गाड्या बंद झाल्या आणि पूल संरक्षित स्मारक ठरला. पायी जाणाऱ्यांचा टोल मात्र 1950 पर्यंत चालू होता. 1972 ते 1975 मध्ये नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घालून दोन्ही काठ एकमेकांपासून दूर धरले. ही कमान पाण्याखाली आहे, छायाचित्रात ती कधीच येत नाही. 1986 मध्ये आयर्नब्रिजची दरी जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आली.

2017 मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं 36 लाख पौंडांचं दुरुस्तीचं काम हाती घेतलं. त्यात दहा लाख युरो जर्मनीतल्या हर्मन रीम्ट्समा प्रतिष्ठानानं दिले. पूल परांच्या आणि पडद्यांनी झाकला गेला. लोकांना काम जवळून बघता यावं म्हणून पुलाच्या अंगाला लागून पायवाट काढली होती. मार्टिनला जे दृश्य 1779 मध्ये दिसलं त्याच्या जवळ जाणारं काही, इतक्या वर्षांनी पुन्हा टिपता येत होतं, आणि त्या पायवाटेवर कॅमेरा नसलेला हात शोधावा लागला असता.

त्याच कामात रंगाच्या थरांखाली सुरुवातीचा रंग सापडला. गडद तांबूस तपकिरी. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्याला ओळखत होते तो राखाडी पूल नंतरचा होता. 2018 च्या अखेरीला पडदे उतरले तेव्हा पूल तांबूस झालेला होता.

आता 2003 किंवा 2006 मध्ये काढलेला एखादा फोटो घ्यावा. कॅमेऱ्यानं त्याच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, शटरचा वेग, सगळं आपोआप नोंदलं आहे. पुढे काकूंची छत्री अर्धी चौकटीत आली आहे, आकाश पांढरं पडलं आहे, कठडा वाकला आहे. मागे पूल राखाडी आहे, आणि कोपऱ्यातल्या एका सांध्यावर रंगाचा पापुद्रा सुटून खालचं काहीतरी लालसर दिसतं आहे, निदान तसं वाटतं. मोठं करून बघितलं तर ठिपकेच दिसतात.